कान तुटलेला कप

मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिणाऱ्या माणसांत मी बसत नाही. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसलेली माणसं गप्प आहेत, आणि मी एका कपाबद्दल सांगायला बसलोय. त्याबद्दल आधीच माफी मागतो.

कप पांढरा होता. कान तुटलेला.

शिकागोजवळ नेपरव्हिलला एका डॉक्टरकाकांच्या बेसमेंटमध्ये संक्रांतीच्या नाटकाची तालीम चालायची. बाहेर बर्फ. मी एम.एस. करत होतो, माझ्याकडे गाडी नव्हती, कुणीतरी स्टेशनवरून उचलायचं. पहिल्याच दिवशी काकांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले, आणि मला गड्याचं काम दिलं.

नाटक विनोदी होतं. गड्याला नाव नव्हतं. मालक ओरडला की त्यानं "जी मालक" म्हणायचं, चहा आणायचा, आणि स्वतःचा चहा दाराबाहेर, वळचणीला ठेवलेल्या कान तुटलेल्या कपातून प्यायचा. लोकांनी तिथं हसायचं.

एका तालमीत ब्रेक झाला. काकूंनी चहा आणला. एक मग कमी पडला. काकू वर जायला निघाल्या, तर काका म्हणाले, "अगं, त्याला त्याचाच कप दे की! कॅरेक्टरमध्ये राहील."

हशा झाला.

"मेथड अ‍ॅक्टिंग, यार!" पुण्याचा एक आयटीवाला म्हणाला. पुन्हा हशा.

मी दोन्ही हातांनी कप धरला. बोटं भाजत होती. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

माझ्या बापानं गावात अशाच कपातून चहा प्यालाय. पिऊन झाला की तो स्वतः विसळायचा आणि वळचणीला पालथा घालायचा. एक दिवस तो कप त्यानं उचलला नाही. पुढे तो जलशात गेला. आमच्या वस्तीचा जलसा. गाव कसं वागतं ते गावालाच गाऊन दाखवायचा. मुख्य गाणारा ओळ टाकायचा, बाप मागं उभा राहून झील ओढायचा, तीच ओळ उचलून धरायचा.

आणि त्याचा मुलगा कार्पेटवर बसून त्याच कपातून चहा प्याला. बेसमेंटमध्ये सिंक होतं. मी कप विसळला. पालथा घातला.

कुणीही सांगितलं नव्हतं.

युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये मी ताटं धुवायचो. तिथं माझ्याबरोबर तेंडाई होती. झिम्बाब्वेची, नर्सिंग शिकणारी. तिनं मला त्यांच्या नाटकाला बोलावलं. एका चर्चच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. नाटक शोना भाषेत. करणारी माणसं म्हाताऱ्यांची सेवा करणारी, टॅक्सी चालवणारी, शिकणारी. तेंडाईनं मला आधीच एक रीत समजावली होती. गोष्ट सांगणारी "पाइव्हापो" म्हणते, लोक "ड्झेप्फुंदे" म्हणतात. हा होकार आला तरच गोष्ट पुढे जाते. मला लगेच झील आठवली.

गोष्ट साधी होती. शहरातली मावशी गावाकडून भाचीला शिकवायला म्हणून आणते आणि मोलकरीण करून ठेवते. मला शब्द कळत नव्हते. पण मावशीनं भाचीचं ताट दाराजवळ जमिनीवर ठेवलं, तेव्हा भाषेची गरज उरली नाही.

गोष्ट सांगणारी तेंडाईच होती. ती म्हणाली, "पाइव्हापो."

हॉल गप्प.

ती पुन्हा म्हणाली. कुणीच होकार दिला नाही. मुलंसुद्धा गप्प. गोष्ट अडली. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली, गुडघे धरत स्टेजवर गेली, जमिनीवरचं ताट उचलून टेबलावर ठेवलं आणि मावशीला खूप काही सुनावलं. भाची खुर्चीवर बसली. तेव्हा कुठे हॉलनं होकार दिला.

नंतर तेंडाईनं विचारलं, "तुमच्याकडे असतं का असं नाटक?"

मी म्हणालो, "नाही."

कपापेक्षा या एका शब्दाची मला जास्त लाज वाटते.

पुढच्या तालमीला मालक झालेले काका सोफ्यावर रेलून ओरडले, "गड्या, चहा आण!"

मी गप्प.

"गड्या, चहा आण! अरे, लाइन विसरलास?"

"नाही, काका."

"मग?"

"हा कप मी उचलणार नाही."

"अरे, नाटक आहे. इतकं सेन्सिटिव्ह होऊन कसं चालेल?"

"त्या दिवशी ब्रेकमध्ये नाटक चालू नव्हतं."

काकांची मुलगी जिन्यावर बसली होती, तिनं विचारलं, "डॅड, व्हाय डझन्ट ही हॅव अ नेम?" मी जॅकेट घातलं. त्या दिवशी स्टेशनवर सोडायला कुणी आलं नाही. बर्फातून चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी ताटं धुताना तेंडाईला म्हणालो, "मी खोटं बोललो. आमच्याकडे आहे. माझा बाप त्यात गातो." मग बापाला फोन करून शोना नाटकाचं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "त्यांच्यात झील कोण ओढतं?"

"सगळेच."

"मग ती आपलीच माणसं."

कपाचं मात्र त्याला सांगता आलं नाही. ते इथं लिहिलंय. तो वाचेल. यापुढे कुणी आडनाव विचारलं, की त्याच दमात मी जलसाही सांगणार. आणि जिथं ताट जमिनीवर ठेवलं जाईल, तिथं माझा होकार मिळणार नाही. मग गाडी मिळो न मिळो.

गेल्या आठवड्यात एका मित्राकडून बातमी कळली. नाटक झालं. गडी व्हायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून ते काम काढून टाकलं. मालक झालेल्या काकांनी चहा स्वतःच आणला. आणि पडदा उघडण्याआधी त्यांनी माइकवर सांगितलं, की गड्याचं काम करणारा मुलगा अचानक आजारी पडलाय. लोक हळहळले म्हणे.

मी आजारी नव्हतो.