आधी वचन, मग चहा

हल्ली मी चहा आधी पितो. बायको जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून. सकाळी उठतो, स्टोव्ह पेटवतो, चहा करतो आणि उभ्याउभ्याच पितो. ती असती तर कप हातातून काढून घेतला असता. आमच्या घरात तिचा एकच कायदा होता. आधी वचन, मग चहा. शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडल्याशिवाय, प्रार्थना झाल्याशिवाय घोटभर मिळायचा नाही. पाहुणा आला तरी नाही. एकदा तिचा भाऊ नगरहून आला होता. तो म्हणाला, "ताई, गाडीतून उतरलोय, घसा कोरडा पडलाय." ती म्हणाली, "मग छोटं स्तोत्र वाचते. बस."

तिचं शास्त्र मेजावर तसंच आहे. जाड, काळ्या पुठ्ठ्याचं, पाठ मी दोनदा नव्यानं बांधलेली. आत लाल फीत आहे. ती शेवटी जिथवर वाचत आली तिथं. आठ महिन्यांत मी ते उघडलं नाही. रोज धूळ पुसतो. उघडत नाही.

चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, तुम्ही म्हातारे, अनुभवी, घरातल्या रोजच्या प्रार्थनेवर काहीतरी लिहा, तरुणांच्या उपयोगाचं. मी चौथी शिकलेला माणूस. तेही हिंदी शाळेत. उपदेश मला जमणार नाही, आणि ज्यानं स्वतः आठ महिने शास्त्र उघडलं नाही त्यानं तो करूही नये. जे झालं ते लिहितो.

आमचं घराणं दख्खनचं, आजोबा फौजेबरोबर इकडे ग्वाल्हेरला आले. वडील मुरारच्या छावणीत एका पाद्र्यांच्या बंगल्यावर घोडे सांभाळायचे, तिथं ते ख्रिस्ती झाले. मी लष्करात जन्मलो. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर, गावाचा भाग, पलटण नव्हे. मी सरकारी कचेरीत दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे फाइली शिवणारा, रजिस्टरं बांधणारा. टोचा, सुतळी, चिकटवायची लेई आणि लाल फीत, हे माझं सामान. शास्त्रातली ती फीत कचेरीतलीच आहे. लग्नानंतर मी तिला आणून दिली होती. ती म्हणाली, "सरकारची फीत देवाच्या पुस्तकात?" मी म्हणालो, "देव तक्रार नाही करणार." ती हसली आणि लावली.

ती नगरकडची. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, सातवी पास. इथं रविवारची उपासना हिंदीत व्हायची. ती बसायची, गायची, पण घरी येऊन म्हणायची, "हिंदीत मला रडू येत नाही." म्हणून सकाळची ती पंधरा मिनिटं तिला एवढी मोलाची. तेवढंच तिचं मराठी देऊळ. माझ्या मराठीचा तिला काही उपयोग नव्हता. "तुमची मराठी हिंदीत भिजत घातलेली," म्हणायची.

मग राज्यं मोडायला लागली. ग्वाल्हेर संस्थान गेलं, मध्यभारत झालं, आणि सरकार वर्षातले काही महिने ग्वाल्हेरला, काही महिने इंदूरला बसायला लागलं. सरकार हललं की फाइली हलायच्या, फाइली हलल्या की दफ्तरी हलायचा. गठ्ठे बांधा, याद्या करा, इंदूरला सोडा, परत आणा, परत बांधा. साहेब लोकांनाच ठाऊक नव्हतं कुठलं खातं कुणाचं. मला मात्र ठाऊक असायचं कुठली फाइल कुठल्या गठ्ठ्यात. आमचे हेडक्लार्क, बडेबाबू, चारचौघांत म्हणायचे, "दफ्तरीसे पूछो." खरं सांगतो, ते ऐकायला मला फार बरं वाटायचं. जन्मात पहिल्यांदा कुणी मला विचारत होतं.

मी सकाळी उजाडल्या उजाडल्या कचेरीत जायला लागलो. ती सतरंजी अंथरायची, मी चपला शोधत असायचो.

"पंधरा मिनिटं," ती म्हणायची.

"मी खाली नाहीये आत्ता, सवड कुठाय. तू कर. माझ्या वतीनं पण कर."

"वतीनं? तुमच्या वतीनं चहा पिते का मी कधी?"

मी हसून निघून जायचो. चहा कचेरीसमोर टपरीवर प्यायचो.

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिनं ते 'वतीनं' ऐकून ठेवलं. आईबरोबर सतरंजीवर बसायची, आणि प्रार्थना संपली की दोनदा आमेन म्हणायची. एक स्वतःचं आणि एक माझ्या वतीनं. बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा मला गंमत वाटली. मी कचेरीतही सांगितलं. सगळे हसले.

त्या वर्षी आम्ही इंदूरला गठ्ठे घेऊन गेलो असताना घरून तार आली, मुलगी आजारी, निघा. बडेबाबूंनी तार वाचली आणि म्हणाले, "जाओ, आज ही निकलो." दोष त्यांचा नाही, हे स्पष्ट लिहितो. मीच म्हणालो, गठ्ठे उतरवून, यादी पडताळून निघतो, नाहीतर मागे गोंधळ होईल. पोरांना ताप येतोच, असं मी मनात धरलं. दोन दिवस मी गठ्ठे मोजत राहिलो.

मुदतीचा ताप होता. बायकोनं तिला कंपू भागातल्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. मी ग्वाल्हेरला उतरलो त्याच्या आदल्या दिवशी मुलीला मुरारच्या कब्रस्तानात ठेवलेलं होतं. शेजारच्या माणसांनी खड्डा खणला. माझ्या हातची माती तिला मिळाली नाही.

घरात शिरलो. बायको बसली होती. रडली नाही. उठली, चहा केला आणि माझ्यापुढे ठेवला. सकाळची वेळ होती. सतरंजी कोपऱ्यात गुंडाळलेली होती, शास्त्र मेजावर बंद. मी कपाकडे पाहत राहिलो. तेव्हा मला कळलं की घरातून एक माणूस नाही, दोन गेली आहेत.

त्यानंतर रोज चहा आधी. चहाच फक्त. ती स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, विचारलं तर उत्तर द्यायची. शास्त्राला हात लावेना. पाद्रीसाहेब दोनदा आले, हिंदीत चांगलं बोलले. तिनं त्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर मी विचारलं, "काही बरं वाटलं का?" ती म्हणाली, "त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलंय."

मला भीती वाटायला लागली. मुलगी गेली ती गेली. पण ही माझ्यासमोर बसून जात होती. आणि तिला धरून ठेवणारी जी एक वस्तू होती, ती मी पंधरा मिनिटांसाठी कधी हातात घेतली नव्हती. आता घ्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

एक दिवस मीच सतरंजी अंथरली. शास्त्र उघडलं, फीत होती त्या पानावर. शाळेत वाचायचो तसा, शब्दाखाली बोट ठेवून वाचायला लागलो. ती सुपात तांदूळ घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली होती. त्या पानावर अशा अर्थाचं होतं की देवाची ज्याच्यावर प्रीती, त्याला देव शिक्षा करतो. मी हिंदी शाळेतला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण. मला एकदम धीर आला. मी म्हणालो, "अगं बघ, इथंच लिहिलंय. प्रेम आहे म्हणून देव शिकवतो आपल्याला."

तिचा हात थांबला.

"काय करतो?"

"शिक्षा. शिकवतो."

ती वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "शिक्षा म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला? शिक्षा म्हणजे मार. ती आजारी होती तेव्हा मी हेच पान रोज वाचत होते. कुणाची शिक्षा ते सांगा मला. बसत नव्हतात तुम्ही. मार तिला का? मला का?"

मी पुस्तक मिटलं आणि कचेरीत न जाता परसात जाऊन बसलो. वाटलं, आपल्यासारख्या अडाण्यानं हात घालायलाच नको होता. जखम होती तिथंच बोट घातलं.

पण दुसऱ्या सकाळी मी परत सतरंजी अंथरली. श्रद्धा होती म्हणून नाही. थांबलो असतो तर परत सुरू करायची हिंमत झाली नसती, म्हणून. पान बदललं. ती पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशीही. वाचून झालं की मी दोन वाक्यं प्रार्थना करायचो, आणि ती सारखीच असायची. "देवा, आम्हाला तुझा राग आलाय. तरी बसलोय." याहून जास्त खरं मला काही येत नव्हतं. मग आमेन. एकदाच. तिचं आमेन यायचं नाही.

असे कित्येक महिने गेले. तेवढ्यात परत सगळं मोडलं. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला. कचेऱ्या उठल्या. माझं नाव भोपाळच्या यादीत होतं, वर, कारण गठ्ठ्यांचा माहीतगार मीच. मी विचार केला. भोपाळला गेलो तर नवी कचेरी, नवे गठ्ठे, परत उजाडताच निघायचं. ज्या सकाळसाठी मी एवढे दिवस रेटत होतो ती परत कचेरी खाणार. आणि मुलगी मुरारला. बायको तिला सोडून येणार नव्हती, हे न विचारता कळत होतं.

मी बडेबाबूंकडे अर्ज लिहून घ्यायला बसलो की मला ग्वाल्हेरलाच ठेवा, कुठंही. बडेबाबूंनी चष्मा काढला.

"पागल हो? वहाँ तुम्हारी पूछ होगी. यहाँ कोने में बैठके रजिस्टर सिओगे."

"सी लेंगे."

"वजह क्या लिखूँ?"

"सुबह घर पे प्रार्थना होती है."

बाजूचा एक कारकून आमच्यापैकीच, मराठी, ब्राह्मण. तो म्हणाला, "दफ्तरीबुवा, भोपाळला देव नाही का?"

"असेल. आमच्या घरी सध्या नाही. तो आधी परत आणायचाय."

कुणी हसलं नाही. बडेबाबूंनी कारण 'घरेलू' असं लिहिलं. मला जयेंद्रगंजातल्या एका छोट्या कचेरीत टाकलं. तिथं मला कुणी काही विचारायचं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कित्येक दिवस भोपाळच्या गाडीच्या वेळेला मी घड्याळाकडे बघायचो.

पण सकाळ माझ्या ताब्यात राहिली. आणि एका सकाळी मी वाचत होतो, मोडलेल्या मनाच्या माणसांपाशी देव असतो, अशा अर्थाची ती जागा होती. तिथं 'जवळ' शब्द होता. आमच्या ग्वाल्हेरी जिभेला ळ जड जातो, आणि ज आम्ही सगळे जिवाचेच म्हणतो. मी वाचलं, "जवल."

स्वयंपाकघरातून आवाज आला. "जवळ."

मी थांबलो. बोट तिथंच. परत वाचलं, "जवल."

"जिवाचा ज नाही. जाळ्याचा ज. आणि जीभ वळवा जरा. जवळ."

"जवळ," मी म्हणालो.

"हं. पुढे."

मी पुढे वाचलं. अक्षरं दिसत नव्हती, तरी वाचलं. प्रार्थना केली, आमेन म्हटलं, आणि उठायला लागलो तर आतून तिचं आमेन आलं. बारीक, उशिरा. तिनं चहा आणला तो त्यानंतर.

मग पुढची सगळी वर्षं आम्ही बसलो. ती वाचायची एक दिवस, मी एक दिवस. ती मला दुरुस्त करायची, मी मुद्दाम चुकतो असा तिला संशय यायचा. कधी कधी चुकायचो मुद्दाम. ते 'शिक्षा'चं पान वर्षातून एकदा यायचंच. ती वाचायची, मी ऐकायचो, त्यावर कुणी बोलायचं नाही. मार की शिकवण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला आलं होतं का, ते मी विचारलं नाही. आता राहिलं.

तरुणांना सांगण्यासारखं एवढंच आहे. सवड झाली की बसू, असं मी म्हणालो होतो. सवड मला मिळाली ती मुलीला पुरल्यावर.

आणि तरी बायको गेल्यावर मी परत तेच केलं. आठ महिने. आता मला कचेरी नाही, गठ्ठे नाहीत. दिवसभर खालीच, रिकामा बसलेला असतो. कारण एवढंच की ती फीत जिथं आहे तिथवर ती आहे. पुढचं पान तिनं वाचलेलं नाही. ते उलटलं की मी तिला मागे ठेवून निघालो, असं वाटतं. पूर्वी तारेनंतर दोन दिवस निघालो नाही, आता निघायचं नाही म्हणतो. दोन्ही वेळा देवाला मीच थांबवून ठेवलं.

हे लिहायला घेतलं म्हणून लाज वाटली. आज सकाळी स्टोव्ह पेटवला नाही. सतरंजी आता गुडघ्यांना जमत नाही, खुर्चीवर बसलो. शास्त्र उघडलं. फितीपासून पुढे सहा ओळी वाचल्या. तिसऱ्या ओळीत ळ आला आणि माझा ल झाला. मी थांबलो. बोट तिथं ठेवून बराच वेळ थांबलो. स्वयंपाकघरातून काही आलं नाही.

मग मीच जीभ वळवली आणि शब्द नीट म्हटला.

प्रार्थना तीच जुनी केली. राग आलाय, तरी बसलोय. मनात आलं, आमेन तीनदा म्हणावं, एक माझं, एक तिचं, एक पोरीचं. पण वतीनं होत नाही, हे या घरात बायकोनं मला तेव्हाच सांगितलं होतं. एकदाच म्हटलं. फीत पुढच्या पानात ठेवली आणि चहा टाकायला उठलो.