मागाहून येणारी गोडी

गोडाचं काम चालतं तिथे दोन गोष्टी न बोलावता जमतात : मुंग्या आणि किस्से. मुंग्यांवर पावडर मारता येते. किश्शांवर आपण उलट पिठीसाखर भुरभुरतो! हे किस्से मद्रासमधल्या आमच्या लॅबचे, ऐंशीच्या दशकातले. तेव्हा "आम्ही स्टीव्हियावर काम करतो" म्हटलं की लोक विचारायचे, "कोण ती?"

*

ती म्हणजे साखरेपेक्षा कितीतरी पट गोड पानांचं एक झुडूप. आमचे बॉस नटेशन सर. त्यांनी एकदा टेबलावर दोन बश्या ठेवल्या. एकीत साखर, दुसरीत स्टीव्हियातून काढलेली आमची पांढरीशुभ्र पूड.

मुंग्यांची रांग आली, आमच्या बशीला वळसा घालून थेट साखरेवर गेली!

आमचे चेहरे पडले. सर मात्र खूश. "बघा, ओळखणं कशाला म्हणतात! आणि एम.एस्सी. न करता!"

*

रघुनाथराव, म्हणजे रघू, सरांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. तंजावरी मराठी. घरात मराठी, चिडला की तमिळ, अडकला की इंग्लिश. वेस्ट मांबलमच्या गोविंदरावांची कमला त्याच्या मनात भरली होती, तिच्याही मनात तो होता. पण गोविंदरावांची अट एकच : "आधी डॉक्टर व्हा. मग मुलगी."

एकदा त्यांनी रघूला विचारलं, "तुम्ही तिथे करता तरी काय?"

"मामा, पानात एक रेणू असतो. मुळात त्याला गोडी नाही. पण त्याला दोन हात आहेत. एन्झाइम म्हणजे कासार. तो हात चाचपतो, ओळखीचा वाटला तर साखरेची बांगडी चढवतो. बांगड्या भरल्या की रेणू गोड!"

"ते कासाराचं झालं. तुम्ही काय करता?"

"कासार कुणाचा हात धरतो, ते बघत बसतो."

गोविंदराव कमलाकडे वळून म्हणाले, "तू आत जा!"

*

पुढे रघूचा कासार बिघडला. दिसायला हुबेहूब, पण कासार धरतो नेमका तोच हात नसलेला रेणू दिला, तरी साखर चढली!

"अय्यो, सर! हा कुणालाही भरतो!"

सर म्हणाले, "अरे, तू नुसता पानांचा रस घातलास. त्यात कासारांची जत्रा भरलीय. एकेकाला वेगळा काढ."

हे वेगळं काढायचं काम कोल्ड रूममधलं. ऐन मे महिन्यात रघू स्वेटर, मफलर, माकडटोपी घालून आत शिरायचा. एकदा घाईत तसाच मांबलम स्टेशनवर उतरला आणि समोर गोविंदराव!

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये फोन आला. "मुलाला हिवताप आहे का? खरं सांगा, लपवू नका!"

पण अखेर एक कासार सुटा झाला. तो एकच हात धरायचा, दुसऱ्याला शिवायचाही नाही. थीसिस उभा राहिला.

*

सरांचा कडक नियम होता : लॅबमध्ये काहीही चाखायचं नाही. कपाटात एकसारखे दोन स्टीलचे डबे होते. एकात स्टीव्हियाची पूड, दुसऱ्यात गुडमारची. गुडमारचा पाला तोंडात गेला की जिभेवरची गोडाची जागाच अडते, मग काही वेळ साखर वाळूसारखी लागते. डब्यांची लेबलं कधीच गळून पडली होती.

मी विचारलं, "सर, स्टीव्हिया कुठल्या डब्यात?"

"उजव्या."

"कुणाच्या उजव्या?"

"कपाटाच्या!"

चाखून बघायची कुणाची टाप होती?

*

रघूच्या व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक आले. मागच्या रांगेत गोविंदराव, शेजारी कमला. गोविंदरावांनी साखरेची पुडी आणली होती. पोरगा डॉक्टर झाला की तिथेच साखरपुडा!

सरांनी आपलाच नियम विसरून कौतुकाने डबा फिरवला. परीक्षकांनी चिमूट घेतली, गोविंदरावांनीही घेतली.

"कडू आहे," परीक्षक म्हणाले.

"थांबा, गोडी मागाहून येते," सर म्हणाले.

सगळे थांबले. गोडी येईना. परीक्षकांनी चहासाठी ठेवलेली साखर तोंडात टाकली आणि चष्मा काढला. "ही साखरही गोड नाही! मिस्टर राव, तुमच्या थीसिसमधलं मी काय खरं मानू?"

सर पांढरे पडले. रघूने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा कमलाकडे.

"सर, साखर खरीच आहे. पण तुमच्या जिभेचा हात दुसऱ्याच कुणीतरी आधी धरलाय. तो सुटेपर्यंत साखर ताटकळणार. मी ओळखीचाच तर अभ्यास केलाय!"

परीक्षक खो खो हसत उठले. "अभिनंदन, डॉक्टर!"

गोविंदरावांनी पुडी सोडली, चिमूटभर साखर आधी स्वतः चाखली आणि कडाडले, "हा तर रवा! दुकानदाराने फसवलं!"

रघू समजावायला गेला, तसे गोविंदराव म्हणाले, "तुमचं ते इंग्लिश त्या परीक्षकांना सांगा! मला गोड लागेपर्यंत मुलगी देणार नाही!"

मग काय, सगळी लॅब गोविंदरावांच्या जिभेची वाट बघत बसली. परीक्षकांची गाडी चुकली. गोविंदराव थोड्या थोड्या वेळाने चिमूट टाकायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. "इल्ले." पुन्हा चिमूट. "इल्ले!"

शेवटी त्यांचा चेहरा उजळला. "गोड! गोड लागली! घ्या, डॉक्टर!"

पुडीत दाणाही उरला नव्हता.

कुणी काही बोलायच्या आत कमला उठली. सरळ कपाटापाशी गेली. एक डबा उघडून तिने चिमूटभर पूड रघूच्या तोंडात घातली.

डबा कुठला होता, हे आम्ही रघूला आजही विचारतो. तो आधी कमलाकडे बघतो आणि म्हणतो, "उजवा."