कवडीचा आतला पीळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही ठाऊक नाही.

निजामाची राजवट होती. मी कळंबच्या शाळेत उर्दूतून विज्ञान शिकवायचो आणि कवड्या जमवायचो. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचं कवच. समुद्र मी पाहिलेला नव्हता. पण आमच्या भागात भवानीच्या आराधिणींच्या गळ्यात कवड्यांच्या माळा — मग कवड्यांना तोटा कसला? हैदराबादच्या माझ्या जुन्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं, नुसत्या रंगावरून जात ठरवू नका. तोंडाच्या कडेचे दात मोजा, कवच कापून आतला पीळ बघा. इतर गोगलगाईंचा पीळ बाहेरून दिसतो. वाढलेली कवडी तो पोटात लपवते.

शेजारच्या सगुणाबाई आराधीण होत्या. सासूकडून आलेल्या त्यांच्या माळेत एक कवडी निराळीच होती — कुबडासारखी पाठ, काळपट तपकिरी, वर मधाच्या रंगाचे ठिपके. तशी माझ्याकडं नव्हती. बघायला म्हणून माळ मागितली. "आई भवानीची माळ हाय, मास्तर. जपून," एवढंच म्हणाल्या आणि दुपारपुरती देऊन गेल्या.

मी काय केलं असेल? दोरा सोडला, ती काढली, तिथं माझ्याजवळची साधी कवडी ओवली आणि माळ परत केली. वाटलं — कुणाला कळतंय?

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई दारात उभ्या. मागं त्यांची सून, काशी. एक गाल लाल झालेला.

"मास्तर, माळ तुमच्याकडं आली तवा ती काळी कवडी व्हती का? ही म्हणती, म्या हात बी लावला न्हाय."

कवडी टेबलावरच होती — करवतीनं उभी चिरलेली, वहीखाली. वहीवर माझा हात. काशी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही — भरवशानं.

"नव्हती," मी म्हणालो.

काशीनं मान खाली घातली.

देवीची वस्तू चोरली, असा ठपका तिच्यावर बसला. महिन्याभरात तिला मुरुमला माहेरी धाडलं. नवऱ्यानं दुसरी केली. आणि मी काढलेलं त्या पिळाचं चित्र? प्राध्यापकांना फार आवडलं. 'तुमचा हात स्थिर आहे,' असं त्यांनी लिहिलं.

सांगायला सवड नव्हती का? होती. सगुणाबाई रोज दिसायच्या.

निजाम गेला. पुढच्या वर्षी येडशीच्या स्टेशनवर काशी भेटली, एकटीच. तिनं मला ओळखलं, 'आत्याबाई बऱ्या हायेत का,' म्हणत सासूची खुशाली विचारली. मग हळूच म्हणाली, "मास्तर, ती कवडी गावली का वो?"

गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही दोघंच.

"नाही, बाई," मी म्हणालो.

"मग आत्याबाईंचं तरी काय चुकलं," ती म्हणाली, आणि गाठोडं उचलून पलीकडं जाऊन बसली.

आता दोघीही नाहीत. कवडी काशीनं घेतली नव्हती. मी घेतली होती.