साळवेची उघडी जीप

माझी शेवटची पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगराळ भागात होती. बटालियनच्या एमटी सेक्शनचा, म्हणजे गाड्यांच्या विभागाचा, मी हवालदार. नाईक भानुदास साळवे माझ्या हाताखाली ड्रायव्हर होता. तो शेवगावकडचा, मी नगरचा. फौजेत एवढं नातं पुरतं.

लोक मला अजून विचारतात, "मेजर, रोजच्या वापराला हुडाची उघडी जीप घ्यावी का?" आमच्या जिल्ह्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. लंगरात चपात्या लाटून आलेलासुद्धा मेजर. मी इंजिन, चेसिस, हुड याबद्दल सांगतो आणि माणूस खूश होऊन जातो. पण उघड्या जीपबद्दल मला जे खरं ठाऊक आहे ते साळवेमुळे, आणि ते चहाच्या टपरीवर सांगून होत नाही.

तिकडे आमचं रोजचं काम रस्ता उघडायचं होतं. पहाटे पायदळाची तुकडी रस्ता तपासून जायची. मग पुढे दोन जीप आणि मागे ट्रक. जीपचा हुड उतरवलेला, दारं काढलेली, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडलेली. हुड असला तर वरचा डोंगर दिसत नाही, काच असली तर बंदूक चालवता येत नाही, दार असलं तर उडी मारता येत नाही. बंपरच्या मधोमध पुरुषभर उंचीचा लोखंडी अँगल उभा वेल्डिंग केलेला असायचा, कारण रस्त्यावर मानेच्या उंचीला तार ताणून ठेवणारे लोक तिकडे होते.

ड्रायव्हर लोकांना फॉल-इनमध्ये, म्हणजे सकाळच्या हजेरीच्या रांगेत, रोज एकच गोष्ट सांगितली जायची. रस्त्यात काही आडवं दिसलं, कुणी हात केला, तरी ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटर दाबायचा. थांबलेली गाडी म्हणजे गेलेली गाडी. ही गोष्ट डोक्यात राहून उपयोग नाही, पायात उतरली पाहिजे, असं आमचे कॅप्टन साहेब म्हणत. साळवेच्या पायात ती सगळ्यांच्या आधी उतरली.

एके दिवशी सकाळी पुढची जीप थांबली. वळणावर बांबू आडवे पडले होते आणि त्यांच्या अलीकडे एक माणूस दोन्ही हात वर करून उभा होता. पुढच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि वरून फायर आला. माझ्या मागे बसलेला ऑपरेटर वायरलेस सेटवर ओरडला, "कॉन्टॅक्ट, कॉन्टॅक्ट! रोड ब्लॉक! ओव्हर!"

कॅप्टन साहेब साळवेच्या शेजारी होते. "रोकना मत! निकाल!"

साळवेने जीप दरीच्या बाजूने काढली आणि बांबूंवर घातली. तो माणूस अजून मधेच उभा होता. तो बाजूला झाला नाही.

पुढच्या जीपमधले दोघे जवान गेले. आमच्या जीपमधले चौघेही वाचलो. तो माणूस जवळच्या गावातला लाकूडतोड्या निघाला. त्याला बळजबरीने उभं केलं होतं की आम्हाला सावध करायला तो आपणहून आला होता, हे कधीच कळलं नाही. चौकशी झाली. साळवेने केलं ते बरोबर, असा निर्णय झाला, आणि त्याला शाबासकीचं पत्र मिळालं. मीही म्हणतो, बरोबरच केलं. नाहीतर हे सांगायला मी नसतो.

त्या संध्याकाळी साळवेने जीप स्वतः धुतली. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "उस्ताद, त्यो मला थांब म्हनत हुता."

मी आधी पेन्शनवर आलो आणि नगरला कँपाच्या जवळ जीप दुरुस्तीची शेड टाकली. वर्षभराने साळवे आला. अंगावर नवा शर्ट, पायात तेच फौजी बूट.

"उस्ताद, गाडी बघून द्या."

त्याची वस्ती शेवगावपासून आत, काळ्या रानात. पावसाळ्यात तिथे बैलगाडी आसापर्यंत रुतते. त्याची बायको सुमन शेजारच्या गावात अंगणवाडी चालवायची, आणि रोज चिखल तुडवून तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या. गाडीची गरज खरी होती. फोर बाय फोर जीपशिवाय तिथे दुसरं काही चाललं नसतं, हेही खरं.

फौजेतून लिलावात निघालेल्या जीप तेव्हा नगरकडे व्यापाऱ्यांच्या आवारात रांगेने उभ्या असत. आम्ही दोघे उन्हातून हिंडलो. जुनी जीप घेताना रंगाकडे बघू नये, पोटाखाली शिरावं. चेसिसला जोड आहे का, पायाखालचा पत्रा कुजलाय का, पुढच्या चाकांचा गिअर पडतो का, हे बघावं. नवरी बघायला गेल्यासारखं पुढून बघून हो म्हणणारे फसतात. एक पत्र्याच्या टपाची, दारं-खिडक्यांची जीप मला पसंत पडली.

"ही घे," मी म्हणालो. "रोज वापरायची आहे. उघड्या गाडीची हौस आठ दिवसांत फिटते. मग धूळ, पाऊस आणि बायकोची बोलणी."

"बंद गाडीत मला मागचं दिसत न्हाई, उस्ताद."

"आरसे कशाला असतात?"

"आरशात आवाज येत न्हाई."

मी व्यापाऱ्याला दुसरी जीप दाखवायला सांगितली. आम्ही कापडी हुडाची घेतली. पेट्रोल इंजिन फार पितं म्हणून मी तिला डिझेल इंजिन बसवून दिलं. उघड्या जीपला सीटच्या मागे जाड पाइपची कमान बसवून घ्यावी, असं मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, भांडून सांगतो. तेव्हा आमच्याकडे कुणी बसवत नव्हतं.

पुढच्या खेपेला वस्तीवर गेलो तर बंपरवर उभा अँगल! शेवगावात वेल्डिंग करून आणला होता.

"अरे, इथं कोण तार बांधतंय?"

"असू द्या, उस्ताद." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. गावातले लोक म्हणत, मेजरच्या गाडीला शिंग फुटलंय.

रोजच्या वापराला ती जीप जेवढी उपयोगी तेवढीच छळणारी होती. पाऊस आला की हुड चढवायला दोन माणसं लागायची, आणि बक्कल लागेपर्यंत पाऊस थांबलेला असायचा. बाजूच्या रेक्झिनच्या पडद्यातून ड्रायव्हरचा उजवा खांदा भिजायचाच. उन्हाळ्यात डब्यातली भाकरी धुळीसकट खावी लागायची. रात्री कोंबड्या सीटवर बसायच्या आणि सकाळी सुमनवहिनी आधी सीट धुवायची, मग नवऱ्याला शिव्या द्यायची. पण ट्रॅक्टर जिथे कचरायचा तिथून ही जीप पुढच्या चाकांचा गिअर टाकून निघून यायची. वहिनीच्या पायाच्या भेगा भरल्या.

आणि तरी त्या गाडीचं काहीतरी बरं नव्हतं. आमच्याकडे रस्त्यावर हात केला की थांबायचं, ही रीत आहे. ओळख लागत नाही. साळवे थांबायचा नाही. हात दिसला की जीपचा वेग वाढायचा आणि माणसाच्या अंगावरून वारा जायचा. "मेजर लई माजलाय," असं गाव म्हणू लागलं. पहिल्यांदा मला हसू आलं. एका दुपारी साळवे विहिरीवर गेला असताना वहिनीने मला चहा दिला आणि तिथेच उभी राहिली.

"भाऊजी, ह्यांना माज न्हाई. ह्यांचा पाय ऐकत न्हाई."

"म्हणजे?"

"परवा एका म्हातारीनं हात केला. डोईवर गवताचा भारा हुता. गाडी तिला चाटून गेली. घरी आले आन् दिस मावळंस्तवर गाडीतच बसून ऱ्हायले. उतरंनात." ती पदराचं टोक पिळत होती. "एक दिवस ह्यांच्या हातनं मानूस जाईल. मग ह्ये बी ऱ्हानार न्हाईत, भाऊजी. मला ठावं हाय."

मला भीती वाटली. लपवायचं कारण नाही. विहिरीवर जाऊन मी साळवेला सरळ सांगितलं, जीप विकून टाक, एसटीने जा.

"एसटीत बसून हा पाय सुधरंल का?" तो म्हणाला. "मला ह्योच पाय सुधरायचाय, उस्ताद."

मग आम्ही फौजी लोक करतो तेच केलं. प्रॅक्टिस. दर रविवारी मी नगरहून जायचो, वस्तीच्या गाडीवाटेवर उभा राहायचो आणि हात वर करायचो. तो लांबून जीप घेऊन यायचा. वहिनी त्याच्या शेजारी बसून, रस्त्यावर कुणीही दिसलं की मोठ्याने म्हणायची, "मानूस हाय!" ही युक्ती तिचीच. पहिल्या रविवारी इंजिन मधेच गरजलं आणि मी बाभळीच्या काटेरी फांद्यांत उडी मारली. काटे काढायला वहिनीला अर्धा तास लागला. साळवेने इंजिन बंद केलं.

"न्हाई, उस्ताद. आता बास."

"हुकूम आहे. परत."

कितीतरी रविवार गेले. मग एकदा जीप माझ्यापुढे थांबली आणि बंद पडली. साळवे खाली उतरला, माझ्या हाताला हात लावून बघितला आणि रडला. बारा वर्षांच्या नोकरीत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तो लोकांना गाडीत घेऊ लागला. गाव विसरायलाही वेळ लावत नाही. त्या जीपमधून शेळ्या गेल्या, बाळंतिणी गेल्या, एक नवरदेव गेला. तरी प्रत्येक थांबण्याआधी त्याच्या मानेची शीर तट्ट फुगायची, ते शेजारी बसणाऱ्यालाच दिसायचं. दोरीची प्रॅक्टिस आम्ही केली नव्हती. सुचलंच नाही.

त्या वर्षी गणपतीच्या आधी आठवडाभर मी वस्तीवर गेलो होतो. दुपारी आम्ही दोघे शेवगावहून परत येत होतो. वहिनी अंगणवाडीत होती. हुड मागे गुंडाळलेला, काच उभी. आभाळ भरून आलेलं पण पाऊस पडत नव्हता आणि वाराही नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी डोक्याएवढी उभी. साळवे सारखा बाजरीकडे बघू लागला.

"काय रे?"

"बाजरी लई जवळ आलीया रस्त्याच्या," तो म्हणाला. "आत काय हाय, दिसत न्हाई."

"आत बाजरी आहे. चल."

पुढे मोरी होती आणि तिच्या पलीकडे वळण. गणपतीची वर्गणी मागायला पोरं रस्त्यावर दोरी धरतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी अडवायची, दोन रुपये घ्यायचे, दोरी खाली करायची. शहाणी माणसं हसत देतात. वळणावरची बाजरी हलली, पोरांचा गलका झाला आणि दोरी एकदम वर आली. जाड नायलॉनची, बरोबर छातीच्या उंचीला. एक टोक बाभळीला बांधलेलं. दुसऱ्या टोकाला आठ-नऊ वर्षांचं एक पोरगं. ताकद पुरत नव्हती म्हणून त्याने दोरी स्वतःच्या कमरेला गाठ मारून बांधली होती आणि मागे रेलून उभं होतं.

जीप तशीच पुढे गेली असती तर दोरी त्या अँगलमध्ये अडकली असती. पोराचं काय झालं असतं, ते सांगायला नको.

इंजिन गरजलं. साळवेचा पाय खाली गेलेला मी बघितला.

"साळवे! पोरगं!"

आणि त्याने पाय उचलला. ब्रेकवर दोन्ही पाय देऊन तो अक्षरशः उभा राहिला. ट्रॅक्टरनी रानातला काळा चिखल डांबरावर आणून टाकला होता. जीप घसरली, मोरीपाशी तिची उजवी चाकं कडेवरून खाली गेली आणि ती कलंडली. मी बाजरीत फेकला गेलो.

मी उठलो तेव्हा जीप उलटी होती आणि इंजिन चालूच होतं. आधी ते बंद केलं. साळवे काचेच्या चौकटीखाली होता. नाडी बघितली. नव्हती. थोरली पोरं पळून गेली होती. ते धाकटं तेवढं जागेवर उभं होतं, कारण कमरेची गाठ त्याला सुटत नव्हती. माझ्या बोटांनाही ती लवकर सुटेना. दोरी अजून ताणलेलीच होती. जीप तिच्या अलीकडे, माणूस आडवा झोपेल एवढ्या अंतरावर पडली होती.

साळवेचं नाव आमच्या बटालियनच्या स्मारकावर नाही. पेन्शनीत गेलेल्याचं तिथे लिहीत नाहीत, आणि नियम नियमच असतो. गावात लोक म्हणाले, लढाईत वाचला आणि वर्गणीच्या दोरीपायी मेला, नशीब बघा. हे वाक्य कुणी माझ्यासमोर बोललं की माझं डोकं फिरतं. मी त्या जीपच्या सीटवर होतो आणि त्याचा पाय मी बघितला आहे. ज्या माणसाच्या पायात फौजेने रोज एकच हुकूम भरला, त्याने तो हुकूम एका क्षणात मोडला. मागाहून कॅप्टन साहेबांना गाठून मी हे सगळं तोंडाने सांगितलं. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि मी पुरतं सांगून होईपर्यंत तसेच उभे होते.

साळवे गेला त्या संध्याकाळी वस्तीवर मीच पुढे गेलो. निरोप आधीच पोचला होता. बायका जमल्या होत्या, बुद्धविहारातले लोक आले होते. सुमनवहिनी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. मला बघून तिने सगळ्यांना हाताने गप्प केलं.

"भाऊजी, तुमी संगं हुता. खरं सांगा. म्होरं कोन हुतं?"

"एक पोरगं होतं. दोरी धरून."

तिचं तोंड पांढरं पडलं. "मग? ह्ये थांबले का?"

"थांबला, वहिनी. पोरगं आपल्या पायांनी घरी गेलं."

"थांबले," ती शेजारच्या बाईला म्हणाली. मग दुसरीकडे वळून तिलाही सांगितलं, "ह्ये थांबले हुते." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.