धुतलेली जाळी

मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. उमेळ्यातल्या आमच्या सोसायटीचा सुका कचरा शेवटी जातो कुठे, हे विचारत एकदा थेट तो निवडणाऱ्या शेडपर्यंत पोचले. तिथल्या मुकादमांनी सांगितलं, जे भंगारवालाही घेत नाही ते प्लॅस्टिक आणि चिंध्या सिमेंटच्या कारखान्यात जातात, भट्टीत कोळशाऐवजी जळतात. भट्टी इतकी तापलेली असते की उघड्यावर जाळल्यासारखा धूर होत नाही, राखही सिमेंटमध्येच मुरते. घरी येऊन मी कितीतरी वेळ आमच्या सिमेंटच्या भिंतीकडे बघत बसले.

आमच्याकडे मासळी आणणाऱ्या पाचूबंदरच्या मावशींना हे सांगितलं, तर त्या पाटी उतरवून बसल्याच. त्यांच्याकडे फाटकी नायलॉनची जाळी मागल्या दारी पेटवून देत. त्या धुराने त्यांच्या नवऱ्याला दम लागायचा, मागे दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

"बाय, ती भट्टी आमची जाली घेल काय?"

"घेईल की! फक्त स्वच्छ धुऊन आणा," मी छातीठोकपणे सांगितलं.

मावशी टेम्पोत जाळी घालून शेडवर आल्या. काटेशिंपले काढून कडकडीत वाळवलेली. मुकादमांनी एक दोरा चोळून जिभेला लावला. "खारट आहे. मिठाने भट्टीत थर धरतो, धूरही बिघडतो. कारखाना परत पाठवेल."

"दोनदा धुतली!" मावशी म्हणाल्या.

"कशात?" मी विचारलं.

"कशात म्हंजे? दर्यान!"

जाळी आणखी कुठे धुणार? मला आधी सुचलं नाही याचा असा राग आला! मुकादम म्हणाले, गोड्या पाण्यातून काढा. मावशींचा चेहराच पडला. "गोडं पानी एक दिसाआड येतं. जाली धुवू, का पिऊ?"

मी टेम्पो आमच्या सोसायटीत आणवला. सेक्रेटरी वासावरून ओरडत राहिले. मावशींनी पार्किंगमधली गाड्या धुवायची नळी हातात घेतली, आधी ओंजळभर प्यायल्या.

"यानं गाड्या धुता तुमी?"

मी शरमेने खाली बघत जाळी खळबळत राहिले. दुसऱ्या दिवशी शेडने ती घेतली.

परवा मावशी म्हणाल्या, "आता धनी माझा मागल्या दारी बसून जेवतो." मला फार बरं वाटलं. तरी राहवेना, म्हणून मुकादमांना विचारलं, त्या कारखान्याच्या धुराड्याजवळ कोण जेवायला बसतं?

त्यांना ठाऊक नव्हतं.