खाज एकच लिहा, मॅडम

माझे बाबा सपशेल खोटं बोलायचे.

तेही डायलिसिसच्या खुर्चीत, हातात सुया असताना, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून.

आज सकाळी गेले.

किडनीवाल्यांना अंगभर खाज सुटते, हे आधी मलाही माहीत नव्हतं. मलम झालं, पावडर झाली, कडुलिंबाचं पाणी झालं. बाबा दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. त्यांच्या बनियनवरचे रक्ताचे डाग मीच धुवायचे.

मग वाशीमच्या आमच्या डायलिसिस सेंटरवर या खाजेवरच्या नव्या गोळीचा अभ्यास सुरू झाला. कोणाला खरी गोळी, कोणाला नुसती तशी दिसणारी, हे देणाऱ्या मॅडमलाही ठाऊक नसतं. बाबांनी सही केली. मला वाटलं, सुटले बिचारे.

मॅडम विचारायच्या, "काका, शून्य ते दहा. दहा म्हणजे जीव नकोसा. आज खाज किती?"

"एकच लिहा, मॅडम. मस्त वाटून राह्यलं."

मस्त! सकाळीच पाठ सोलून घेतली होती माणसानं.

बाहेर आल्यावर मी भडकले. "बाबा, काहून खोटं सांगता?"

"त्या पोरीचं तोंड उतरते वं. एवढ्या आशेनं इचारते."

जन्मभर बाजारात मेथी-वांगी विकली. समोरच्याला नाराज करून पाठवायचं नाही, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं.

शेवटी मीच मॅडमना सगळं सांगून टाकलं.

त्या चिडल्या नाहीत. स्टूल ओढून बाबांजवळ बसल्या. "काका, तुमच्या 'मस्त'वर आम्ही भरवसा ठेवला आणि गोळी बिनकामाची निघाली तर? उद्या तीच गोळी तुमच्यासारख्या दुसऱ्या कोणाला देऊ. तो बिचारा खाजवतच राहील."

बाबा मान खाली घालून म्हणाले, "नऊ लिहा. मागचं बी सारं खोटंच सांगतलं."

काय सांगू, त्या दिवशी मला केवढा आनंद झाला! इंझोरीला, आमच्या गावी परत येताना बसमध्ये मी त्यांना चिडवत होते, "आले बाप्पा एकदाचे लायनीवर!"

तेव्हापासून माणूस खरंच बोलायला लागला. इतका की एक दिवस ताट सरकवून म्हणाले, "बाई, तुयं हे बिनमिठाचं वरण लय बेक्कार लागते."

मी पोट धरून हसले. इतके दिवस मुकाट्यानं खात होते.

काल मशीनवर असतानाच छातीत कळ आली. सगळे धावले. मी त्यांचा मोकळा हात धरला. "बाबा, कसं वाटते?"

माझ्याकडे पाहिलं.

"लय दुखते, माय. मले भेव लागून राह्यलं."

आयुष्यात पहिल्यांदा बाबा मला भीती वाटते म्हणाले. आणि मला काही म्हणजे काहीच करता आलं नाही.

खरं सांगा, खरं सांगा म्हणून किती भांडले मी तुमच्याशी.

काल तेवढं एकदा खोटं बोलायचं होतं ना, बाबा.

'मस्त हाये' म्हणायचं होतं.

मी खरं मानलं असतं.

दुपारी इंझोरीलाच अंत्यविधी आहे.

तुमच्या लेकीचा शेवटचा जयभीम, बाबा.