आधी मेणबत्ती, मग हवा

शाळेतून फोन आला तेव्हा मी कारंजाच्या माझ्या ढाब्यावर भट्टीसमोर उभा होतो. रंजनावहिनी वर्गात शिकवता शिकवता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. काही आठवडे झाले, तरी घरचं काही अडलं की 'वहिनींना विचारू' असं तोंडात येतं.

माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, डोकं दुखायचं. असं म्हणणं म्हणजे वणव्याला शेकोटी म्हणणं. दसरा झाला की दीड-दोन महिने, बहुतेक रोज दिवस मावळताना, उजव्या डोळ्यामागे कळ उठायची. तेवढाच डोळा लाल होऊन गळायचा आणि एवढा दांडगा माणूस बोरगाव मेघेच्या घरात भिंतीवर डोकं आपटत फिरायचा. लोकांच्या सल्ल्यानं चष्मा बदलला, धडधाकट दाढ काढली. एकदा तो म्हणाला, "रंजना, पुढच्या दसऱ्याले मी नसलो तं बरं होईल."  सकाळी वहिनी शाळेत रजा कळवून त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि दुखण्याचं नाव कळेपर्यंत जातच राहिल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, कळ उठताच मास्क लावून जोराच्या धारेनं ऑक्सिजन घ्यायचा. मी मोठ्या ऐटीत कुणाकडचं तरी कोरोनातलं, हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र नेऊन दिलं, पण त्याची धार पुरेना. शेवटी सिलिंडर आला. वहिनींनी तो पडू नये म्हणून गाईच्या साखळीनं पुढच्या खोलीच्या खिडकीला बांधला, तो उघडायच्या चावीला जुन्या निळ्या साडीचा काठ बांधून ती खिळ्याला अडकवली. तेवढ्यात आमच्या मायनं, लेकाचं दुखणं हरणारी वस्तू घरात आली म्हणून, सिलिंडरपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावली. वहिनी कणकेच्या हातानंच धावल्या आणि ज्योत चिमटीत विझवली. "आई, याच्याजवळ अंगार नाई चालत." माय दोन दिवस रुसली. रोज वंदना करणारं आमचं घर. वहिनींनी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर स्वतः पुढच्या खोलीतून उचलून ओसरीत लावली, मेणबत्तीही तिकडेच नेली. नियम एकच, आधी मेणबत्ती, मग हवा; म्हणजे आधी ज्योत विझवायची, मगच ऑक्सिजनची चावी फिरवायची. मलाही सोडलं नाही. "भाऊजी, तुमची शिगरेट फाटकाबाहेर. हे घर हाय, ढाबा नाई."

पहिल्यांदा ती हवा घेताना मी पाहिलं, ते विसरणं शक्य नाही. दादा पुढे वाकून बसला होता, मास्कची पिशवी फुगत होती, आक्रसत होती. वहिनी नुसत्या त्याच्या पाठीवर हात ठेवून. चहाला उकळी यावी तेवढ्यात त्याच्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या. त्यानं मास्क काढला आणि विचारलं, "भात झाला का?" दर वर्षी मरण मागणारा माझा भाऊ भात मागत होता. मी थक्क होऊन त्या बाईकडे पाहत राहिलो.

वहिनी गेल्या त्याही दसऱ्यानंतरच्याच दिवसांत. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला एवढी माणसं आली की ओसरी पुरेना, म्हणून कुणीतरी वहिनींचा फोटो पुढच्या खोलीत मांडला. समोर मेणबत्ती. सगळे हात जोडून त्रिशरण म्हणत होते. दादाच्या डोळ्याला धार लागली, बायकांनी पदर तोंडाला लावले. मी मात्र पाहिलं, तो एकाच डोळ्यानं रडत होता... उजव्या.

मी उठलो, खिळ्यावरची चावी काढली आणि तिथंच थबकलो. बायकोच्या फोटोपुढची मेणबत्ती नवऱ्यासाठी कशी विझवायची? दादानं मान हलवली, नको. त्याचं डोकं भिंतीकडे झुकत होतं. खोलीत कुणी हललं नाही. तेव्हा कोपऱ्यातून माय म्हणाली, "काऊन पाहून राह्यले सारे? विझव. तिचाच नियम हाय."

मी हात पुढे करणार, तोच दादानं स्वतः ज्योत चिमटीत धरली. वहिनींनी धरली होती तशीच. आम्ही माणसं बाहेर काढली, खिडक्या उघडल्या, मी चावी फिरवली आणि पिशवी फुगली.

आता फोटोपुढे फक्त फुलं असतात, मेणबत्ती ओसरीत. चावी खिळ्याला आहे, निळ्या काठासकट. परवा मी तो मळलेला काठ बदलायला निघालो, तर दादा म्हणाला, "राहू दे. कळ उठली का डोळे उघडत नाईत. तो हाताले लागला का समजते, चावी सापडली."